पुस्तकांच्या गठ्ठ्यावर

"अहो आजोबा, हे काय घालून आलात?"

हॉलच्या दारातच मॅडम म्हणाल्या. कार्यक्रम त्यांनीच ठेवलेला. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. सुनेनं सकाळी उठून कडक इस्त्री मारून दिलेली. पायात नातीनं आणलेले बूट. मॅडमनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"फोनवर सांगितलं होतं ना, रोजचे कपडे घाला म्हणून? हमाल वाटायला हवं हो. बरं, ती चुंबळ तरी आणलीत का?"

चुंबळ म्हणजे ओझ्याखाली डोक्यावर ठेवतो ती कापडाची कडी. पिशवीत होती. पण मी पिशवी सोडली नाही.

"आणलीय. कशाला लागतीय?"

"लागेल."

एवढंच. मला तेव्हाच वास आला.

खरं म्हणजे वास आधीपासून येत होता. जन्म बुधवार पेठेत पुस्तकांचे गठ्ठे वाहण्यात गेला. छापखान्यातून दुकानात, दुकानातून टेम्पोत. शाळा तिसरीत सुटली. अक्षर लावून वाचतो, लिहितो हळू. या शहरात रविवारी मोठमोठे लेखक हॉलात बसून आपली पुस्तकं वाचून दाखवतात, लोक ऐकायला जातात, हे मला ठाऊक होतं. तिथं विकायला ठेवलेली पुस्तकं मीही पोचवलीत. दारापर्यंत. आत बसा असं कुणी म्हणालं नव्हतं. आणि आता एकदम घरापुढं गाडी? कोथरूडच्या हॉलात पहिल्या रांगेत खुर्ची? काम असल्याशिवाय आपल्याला कोण गाडी पाठवतं.

त्या दिवशी वाचणारे लेखक मधे आमच्या खोलीवर यायचे. मोठं नाव. खाली मांडी घालून बसायचे, चहा प्यायचे, "बाबा, सांगा" म्हणायचे. मी सगळं कुणाला सांगत नाही. यांना सांगितलं. काय सांगितलं ते इथं लिहितो, कारण सगळं त्यावरच आहे.

तरुण होतो. शाळेच्या पुस्तकांचा हंगाम. सकाळपासून वाहून वाहून पाय कापत होते. दुपारी दुकानाच्या पायरीशी एका गठ्ठ्यावर बसलो आणि भाकरीचं फडकं सोडलं. मालक बाहेर आले. गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "विद्येवर बूड टेकतोस? ऊठ! गठ्ठ्यावर नाक घास. सरस्वतीची माफी माग."

मी म्हणालो, "मालक, डोक्यावर असते तेव्हा माझ्या घामानं भिजते. ते चालतं?"

"नाक घास. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

सगळे हमाल बघत होते. भाकरी फडक्यात बांधली. चुंबळ उचलली. निघालो. नाक घासलं नाही.

मग पेठेत कुणी काम देईना. मालकाचा शब्द दुकानोदुकानी फिरला होता. पुढं एकानं घेतलं, पण तोवर पावसाळा सरला. त्या पावसाळ्यात आमची चूल कधी पेटायची, कधी नाही. बायकोनं पायातली जोडवी मोडली. जा, घासून या, असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली, "बरं केलंत." आता ती नाही. तिचं तेवढं बोलणं माझ्यापाशी आहे.

हॉल भरला. लेखकांनी चष्मा लावला. आवाज चांगला आहे त्यांचा, खोटं कशाला बोलू. पायरी आली, भाकरी आली, मालक आले. मग वाचलं, "तो वाकला. सुतळीच्या गाठीवर त्यानं नाक घासलं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी कागदात मुरत गेलं."

मागं सगळीकडून च्च, च्च. एका बाईंनी पर्समधून रुमाल काढला.

नात शेजारी बसली होती. हिंजवडीत कामाला असते, सुट्टी म्हणून आलेली. माझ्या कानाशी आली.

"आजोबा, घासलं होतं तुम्ही नाक?"

ही गोष्ट तिनं तिच्या आजीच्या तोंडून ऐकलेली. कितीदा. तरी विचारलं. छापलेलं होतं ना.

"आणि आता, या कथेचा खरा नायक!" मॅडम माइकवर. टाळ्या. मला वर नेलं. टेबलावर शाल, नारळ. खाली नव्या पुस्तकांचा गठ्ठा, सुतळीनं बांधलेला. मॅडम हळूच म्हणाल्या, "चुंबळ डोक्यावर ठेवा, गठ्ठा घ्या. फोटो काढू. जड नाहीये."

जड नाहीये. मला सांगतात.

लेखक शाल घेऊन पुढं आले. मी हात आडवा केला.

"साहेब, मी नाक घासलं असं सांगितलं होतं का तुम्हाला?"

ते हसले. माइक बाजूला धरला. "बाबा, कादंबरी आहे ही. वाचणाऱ्याचं काळीज हलायला हवं."

"खऱ्यानं हलत नाही?"

"आपण नंतर बोलू."

नंतर म्हणजे कधीच नाही. एवढं पेठेत शिकलोय.

मी पिशवीतून चुंबळ काढली. फोटोवाला सरसावला. चुंबळ गठ्ठ्यावर ठेवली. आणि तिच्यावर बसलो. ऐसपैस.

लेखक माझ्याकडं वाकले. दात आवळून म्हणाले, "बाबा, उठा. पुस्तकं आहेत ती."

तेच. मालक निदान मोठ्यानं बोलले होते.

माझ्या आवाजाला माइक लागत नाही. बसूनच बोललो. "मी नाक घासलं नाही. काम सोडलं. बायकोनं जोडवी मोडली, पण मला परत जा म्हणाली नाही. यांनी वाचलं ते खोटं आहे."

पहिल्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, "अहो, सन्मान करताहेत ना तुमचा? मग झालं तर." मॅडमनी चहा तयार असल्याचं जाहीर केलं. टाळी एक नाही. नात तेवढी उभी राहिली होती.

परत सोडायला गाडी नव्हती. बसनं आलो. शाल तिथंच राहिली.

नंतर मॅडमचा फोन आला. गैरसमज झाला म्हणे, पुढच्या आवृत्तीत बघू. बघतील, बघतील. हेच लेखक हेच पान आता दुसऱ्या हॉलात वाचणार आहेत, नातीनं मोबाइलवर दाखवलं. खाली लिहिलंय, प्रवेश सर्वांना खुला.

मी जाणार. इस्त्रीचा शर्ट घालून. ते वाकल्याचं वाक्य आलं की उठून म्हणणार, नाही वाकलो. बाहेर काढलं तर दारात उभा राहून म्हणणार. ते जिथं जिथं वाचतील तिथं तिथं म्हणणार. बायकोनं उपास काढले ते मी वाकलो नाही म्हणून. मी जिवंत असेपर्यंत मला कुणी वाकवून दाखवायचं नाही. कागदावरसुद्धा नाही.