पूजेतून उचललेली पिन

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी महादेव घरत रॉकेलच्या डब्यात पाना बुडवून दात घासायच्या जुन्या ब्रशने घासत होता. हा आठवा. अजून अकरा राहिले होते. साल १९९४, खंडेनवमी. या दिवशी मेकॅनिक आपली अवजारं धुतो, पुसतो, पाटावर मांडून त्यांची पूजा करतो, आणि एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळी पूजा उचलेपर्यंत त्यांना हात लावत नाही. पनवेलमध्ये वडाळे तळ्याच्या मागच्या आळीत, घराच्याच पडवीत, महादेव सत्तावीस वर्षं मोटारसायकली दुरुस्त करत होता. हा नेम त्याने एकदाही मोडला नव्हता. ओवे गावच्या मिठागरात राबणारा त्याचा बापही फावड्याला असाच मान द्यायचा.

त्याची बायको हौसा चहा घेऊन आली.

"मालूबायचा निरोप आलाय. अकरा वाजता पूजा हाय. टेबलाची."

"टेबलाची?"

"ते वर-खाली होतंय ना, त्याची. मामानं यायलाच पायजे, बोलली."

"मग मी काय टेबलाला हार घालू?"

"नका जाऊ. लोकं बोलतील, मामा जळतो."

महादेवने नववा पाना उचलला. मामा जळतच होता, आणि हे हौसाला लोकांच्या आधीपासून माहीत होतं.

मालू त्याची धाकटी बहीण. तिचा मुलगा परेश सहा वर्षं याच पडवीत महादेवच्या हाताखाली शिकला. लग्न झाल्यावर त्याने चार घरं पलीकडे, स्वतःच्या घराला लागून पत्र्याची शेड टाकली आणि तिथे काम सुरू केलं. तोपर्यंत महादेवला काही वाटलं नव्हतं. भाचा आहे, शिकला आहे, पोट भरेल. पंधरा दिवसांपूर्वी मात्र टेंपोतून ते टेबल आलं. ठाण्याच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधलं, जुनंच, पण वरून हिरवा रंग मारलेला. लोखंडी लांबलचक फळी. तिच्यावर गाडी ढकलत चढवायची, पायाने पेडल दाबत राहायचं, आणि तेलाच्या दाबावर गाडी छातीपर्यंत वर येते. मेकॅनिकने उभं राहून काम करायचं.

महादेव एक्कावन्न वर्षांचा होता. उकिडवा बसला की उठताना त्याला गाडीचा मडगार्ड धरावा लागे.

पहिल्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकं परेशकडे गेली. दोघांचं त्याला सोयरसुतक नव्हतं. तिसरा काशीराम. शिरढोणचा वीटभट्टीवाला, त्याची बुलेट अठरा वर्षं महादेवने खोलली आणि जोडली होती. आळीच्या तोंडाशी तिचा आवाज आला तरी तिचं काय दुखतंय ते महादेव घरात बसून सांगे. काशीराम स्वतः येऊन सांगून गेला, तेच जास्त लागलं.

"महादेवा, बघायचं म्हनून टाकली रं पोराकडं. एकडाव."

"टाक की. तुझी गाडी, तुझी हौस."

अकरा वाजता महादेव धुतलेला सदरा घालून परेशच्या शेडमध्ये गेला, आणि दारातच थांबला. टेबल पूर्ण वर चढवलेलं होतं, आणि त्याच्यावर काशीरामची बुलेट. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक. ती बुलेट एवढी चकचकीत त्याच्या पडवीत कधी दिसली नव्हती. टेबलाच्या कडेला ओली जमीन पुसून परेशची बायको अंकिता रांगोळी काढत होती. आळीतली आठ-दहा माणसं भिंतीला टेकून उभी होती. काशीराम त्यांच्यात सर्वांत पुढे, स्वतःची गाडी पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा.

"ये दादा," मालू म्हणाली. "रिकामा पाट पुजत नायत, म्हनून गाडी चढवली. कशी दिसते?"

"देवळात ठेवल्यावानी."

"मग! तुजा भाचा हाय."

एक म्हातारा म्हणाला, "महादेव, तू पन घे एक. किती दिवस जमिनीला नाक लावून बसशील?" सगळे हसले. महादेवही हसला. हसताना त्याची नजर टेबलाच्या पायांकडे गेली.

टेबल आलं त्या दिवशी ठाण्याच्या माणसाने परेशला सगळं समजावून सांगितलं होतं. महादेव तेव्हा टेंपोचं टायर न्याहाळण्याचं सोंग करून मागे उभा होता. कौतुकाने ऐकणारा अर्धं विसरतो. महादेवच्या मनात मात्र एकूण एक शब्द रुतून बसला होता. गाडी चालू करून टेबलावर चढवायची नाही, ढकलत न्यायची. पुढचं चाक शिकंज्यात आवळायचं, दोन्ही बाजूंनी पट्टे ताणायचे, मगच पेडल दाबायचं. वर गेलं की टेबलाच्या पायातल्या भोकांमधून अंगठ्याएवढी जाड पिन आरपार घालायची आणि दाब थोडा सोडायचा, म्हणजे वजन तेलावर न राहता पिनेवर बसतं. तेलाचा भरवसा नाही, तो माणूस म्हणाला होता. पिन नसेल तर टेबलाखाली हातसुद्धा घालायचा नाही.

शिकंजा आवळलेला होता. पट्टे ताणलेले होते. भोकं रिकामी होती.

महादेवने शेडभर नजर फिरवली. पिन कोपऱ्यातल्या पाटावर होती. पाने, पक्कड, हातोडी आणि मधोमध ती, तेल लावून पुसलेली, हळदकुंकू वाहिलेली, वर झेंडूचं एक फूल. परेशने आपलं प्रत्येक सुटं अवजार पूजेत मांडलं होतं. महादेवनेच शिकवलं होतं तसं. एकही बाहेर ठेवायचं नाही.

त्याने टेबलाची कड पाहिली. मागच्या भिंतीवर विजेचा बोर्ड होता. तो आला तेव्हा कड बोर्डाच्या खालच्या पट्टीच्या वर होती. आता पट्टीच्या बरोबरीला आली होती. तेल सुटत होतं.

बोलायला हवं होतं. तो बोलला नाही. अंकिता तेव्हा टेबलाच्या बाहेरच्या बाजूला होती, दोऱ्याने रेघा मारत. मनात आलं, उतरू दे. हळूहळू उतरेल, सगळ्यांच्या देखत, नैवेद्याच्या वेळेला हार घातलेली बुलेट गुडघ्यापर्यंत खाली येईल. कुणाला लागणार नाही. काशीराम बघेल. तो म्हाताराही बघेल. एवढंच व्हावं, जास्त काही नाही. आल्या-आल्या मिळालेला पेढा हातात घेऊन तो उभा राहिला आणि कड पट्टीच्या खाली बोटभर गेलेली त्याने पाहिली. जिवाला गार वाटलं.

मग अंकिता पुढे सरकली. कमळाच्या मधल्या पाकळ्या राहिल्या होत्या. तिने एक हात जमिनीला टेकला आणि खांद्यापर्यंत टेबलाखाली गेली.

"पोरी, भायेर ये."

"झालंच मामा, दोन पाकळ्या."

"भायेर ये बोललो ना!"

"अरे दादा, पुरी करू दे रांगोली," मालू म्हणाली. "आल्यापासून तोंड पाडून उभा हाय, आता वरडतो."

महादेवने पेढा खिशात टाकला, कोपऱ्यात गेला आणि पाटावरची पिन उचलली. फूल खाली पडलं. शेडमध्ये कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. मालूने हातातलं ताम्हण खाली ठेवलं.

"पूजेतलं उचललंस? दादा, नेम तू शिकवलास आनि तूच..."

तो थांबला नाही. अंकिताचा दंड धरून त्याने तिला बाहेर ओढलं. टेबल खाली सरकल्यामुळे भोकं जुळत नव्हती. त्याने पेडलवर पाय ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. दोनदा दाबलं, आणि पावणेदोनशे किलोची बुलेट माळेसकट वर गेली, बुडबुडा वर यावा तशी. गुडघा दुखला नाही. कंबर दुखली नाही. तेवढ्या घाईतही त्याला परेशचा असा हेवा वाटला की क्षणभर त्याला पिन कुठे घालायची तेच सुचेना.

मग पिन आरपार गेली. त्याने दाब सोडला. टेबल खाडकन अर्धा इंच खाली आलं आणि पिनेवर बसलं. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. अंकिताने स्वतःचा हात दुसऱ्या हातात धरला.

परेश वाकला. टेबलाच्या सिलिंडरच्या तळाशी तेल पाझरत होतं, रांगोळीच्या एका पाकळीत त्याचा ओघळ गेला होता. त्याने मान वर करून विजेच्या बोर्डाकडे पाहिलं, मग मामाकडे. मेकॅनिक त्यालाही महादेवनेच केलं होतं.

"मामा, कवापासून उतरत होता?"

"मी आलो तवापासून."

"म्हंजे अर्धा तास."

"तेवढा असंल."

पुढचं परेशने विचारलं नाही. मालूने विचारलं. "आनि तू पेढं खात उभा होतास?"

महादेव "व्हय," म्हणाला, आणि चपला घालून निघाला.

घरी हौसाने विचारलं, कशी झाली पूजा. त्याने सगळं सांगितलं, बोटभर कडेसकट. ती ताटात भात वाढत होती, वाढतच राहिली. "अंकिताला लागलं नाय ना?" एवढंच म्हणाली.

चार वाजता पडवीसमोर बुलेट आली. इंजिन बंद होतं. पुढून काशीराम हँडल धरून होता, मागून परेश ढकलत होता.

"सिलिंडरचं सील आनायला ठान्याला जायाला पायजे," परेश म्हणाला. "तवर टेबल बंद. काशीमामाच्या क्लचप्लेटी बदलायच्यात, गाडी उद्याच पायजे त्याला."

"बाकीच्या गाड्या?"

"जमिनीवर करीन. येतं मला."

मामाकडे न बघता तो बोलत होता. काशीरामला दोघांच्या मध्ये उभं राहणं जड जात होतं. "महादेवा, मला उद्या भट्टीवर शस्त्रपूजा हाय. आत्ता बसतोस का?"

"आज नाय. माजी अवजारं पूजेत हायत."

परेशने मान वर केली. त्याने खिशातून क्लचप्लेटींचं पुडकं काढून पायरीवर ठेवलं.

"अंकिता कशी हाय?" महादेवने विचारलं.

"बरी हाय," परेश म्हणाला आणि चार घरं पलीकडे निघून गेला.

काशीरामची बुलेट परत महादेवच्या पडवीत उभी होती. पंधरा दिवस त्याला हेच हवं होतं. त्याने तिच्या टाकीवरचं कुंकू फडक्याने पुसलं, आणि पुसताना त्याच्या डोक्यात गाडी नव्हती. पायाखालचं ते पेडल होतं, किती हलकं दाबलं गेलं होतं ते.

उद्या दसरा. सकाळी साडेसातला हौसा पूजा उचलेल, आठ वाजता महादेव बुलेटच्या क्लचचं झाकण खोलेल, आणि साडेदहाला काशीराम गाडी न्यायला येणार आहे.