नसलेल्या सोनाबाईचं कार्ड

भास्कर घाटोळे गेल्याचा फोन आला तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. उरलेली अर्धी तशीच ठेवून मी स्कूटर काढली आणि महाल भागातल्या त्याच्या घरी पोहोचलो. लोकांनी माझ्याकडे पाहिलं, दोघा-तिघांनी पाठीवर हात ठेवला. दुःखानं माणसाचं असं होतं, असं त्यांना वाटलं असावं. मला स्वतःला घाटावर जायची वेळ होईपर्यंत गालावर वाळलेल्या साबणाचा पत्ता नव्हता. कुसुमवहिनींनी मात्र एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, मोरीत जाऊन तोंड धुऊन घ्या. यांनी पाहिलं असतं तर आठ दिवस हसले असते." मी मोरीत गेलो, तोंड धुतलं आणि नळ सुरू ठेवून तिथेच रडून घेतलं.

महालात त्याला सगळे घाटोळे सर म्हणत. घरच्या पुढच्या खोलीत त्यानं आयुष्यभर इंग्रजीची शिकवणी घेतली. मी त्याचा कॉलेजातला मित्र, त्याच्या शेजारी बसून इंग्रजीत दोनदा नापास झालेला. पुढे वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायला लागलो, आणि भास्करच्या आयुष्यातलं मोठं काम माझ्या तिथल्या गाढवपणातून सुरू झालं, हे मी आजही थोड्या अभिमानानं सांगतो. झालं असं की मद्रासच्या एका व्यापाऱ्याचं पत्र आलं, अमुक खोकी 'सेट असाइड' करा. म्हणजे वेगळी काढून ठेवा. मी सेट म्हणजे कपबशीचा सेट समजलो आणि असाइड म्हणजे बाजूला. दिवसभर खपून दोन-दोन खोक्यांचे जोड सुतळीनं बांधले आणि रस्त्याच्या बाजूला रचून ठेवले. मालकानं ते पाहिलं आणि मला तिथे जे ऐकवलं, ते या पुरवणीत छापता येणार नाही.

संध्याकाळी पत्र घेऊन मी भास्करकडे गेलो. त्यानं जाडा शब्दकोश काढला आणि 'सेट' उघडला. एक पान झालं, दुसरं झालं, तो शब्द काही संपेना. सूर्य बुडतो तोही सेट, हाड बसवतात तेही सेट, सापळा लावतात, सिमेंट घट्ट होतं, दही होतं, ताट मांडतात, घड्याळाचा गजर लावतात, सगळं सेट. भास्कर चष्मा काढून म्हणाला, "वसंता, हा शब्द आहे का घरगडी बे? सगळी कामं यालेच काहून सांगून राहिले हे लोक?" त्या दिवसापासून त्यानं ठरवलं, की या एका शब्दाच्या प्रत्येक अर्थाला आपल्याकडे काय म्हणतात ते गोळा करायचं. पुस्तकातून नाही. ज्याच्या हातून ते काम होतं, त्याच्याच तोंडून. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूची त्यानं कार्डं कापली. कार्डावर वर अर्थ, मध्ये शब्द, आणि खाली म्हणणाऱ्याचं नाव, गाव आणि बोलताना त्याच्या हातात काय होतं ते. हे शेवटचं कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "रिकाम्या हातानं माणूस शब्द बनवून सांगते गा."

त्याच्या या नादापायी आम्ही काय काय केलं! गल्लीत घर बांधणं चालू होतं, तिथे मिस्त्रीला विचारलं, सिमेंट असं घट्ट झालं की काय म्हणता? मिस्त्री म्हणाला, "सेट झालं म्हणतो सर." भास्करचा चेहरा पडला. पण तो हटला नाही. उन्हात टोपी घालून विटांच्या ढिगावर बसून राहिला आणि जेवणाच्या सुट्टीत एका म्हाताऱ्या मजुराकडून "मालानं पकड घेतली" हे घेऊनच उठला. एकदा मी स्कूटरवरून पडलो आणि मनगट निखळलं. भास्कर मला हाड बसवणाऱ्याकडे घेऊन गेला. मी तिथे ओरडतोय आणि हा खिशातून कार्ड काढून त्या माणसाला विचारतोय, "आता तुम्ही हे जे केलं, याले तुमच्यात काय म्हणता?" ते कार्ड अजून खोक्यात आहे. शब्द, 'सांधा बसवला'. हातात, वसंताचं मनगट.

आता माझं पाप सांगतो. शब्दकोशात एक अर्थ होता, फूल न गळता त्याचं फळ होऊ लागणं. माझ्या बहिणीचं सासर भिवापूरचं, तिथे घरोघर मिरची. भास्करनं मला बजावलं, जाशील तेव्हा शेतात काम करणाऱ्या बाईलाच विचार. मी गेलो, दोन दिवस जेवलो, झोपलो आणि विचारायचं विसरलो. परतताना उमरेडला बस थांबली, मी आलूबोंडा घेतला, तेव्हा आठवलं. आता हात हलवत कसं जायचं? बोंडा संपायच्या आत मी शब्द बनवला. फूलठेव. नाव बनवलं सोनाबाई. हातात खुरपं दिलं.

भास्करला तो शब्द फारच आवडला. त्यानं तो शिकवणीत सांगितला, विद्यार्थ्याच्या लग्नात आशीर्वाद देताना सांगितला, "पाहा, इंग्रजीनं एकच गडी ठेवला आणि आपल्या बाईनं फुलासाठी वेगळा शब्द ठेवला." त्याच्या विद्यार्थ्यांच्या तोंडीही तो बसला. वर म्हणाला, सोनाबाईले भेटायचं आहे, चल भिवापूरले. मी आज-उद्या करत दोन हिवाळे काढले. तिसऱ्या हिवाळ्यात तो बसस्टँडवर तिकिटाच्या खिडकीपर्यंत पोहोचला तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही... मी म्हटलं, "भास्कर, सोनाबाई वारल्या." तो रांगेतून बाजूला झाला. घरी येऊन त्यानं कार्डावर तिच्या नावाआधी 'कै.' लिहिलं. जी बाई जन्मलीच नाही तिला मी मारलं, आणि माझा मित्र तिच्यासाठी हळहळला. खरं सांगून टाकावं असं पुढे शंभरदा वाटलं. दर वेळी तो चहाचा कप पुढे करायचा आणि मी तो प्यायचो.

तो गेल्यावर महिनाभरानं विद्यार्थ्यांनी ठरवलं, सरांची कार्डं छापून पुस्तिका काढायची. कार्डं तपासायला वहिनींनी मला बोलावलं, कारण "यांच्यासंगं तुम्हीच फिरले". पुस्तिकेचं नावही ठरलं होतं. फूलठेव.

मी खोका मांडीवर घेऊन बसलो. ते कार्ड गुपचूप खिशात घालावं तर नाव मुखपृष्ठावर. आणि ठेवावं तर ज्या माणसानं ऐकल्याशिवाय एक अक्षर लिहिलं नाही, त्याच्या पुस्तकाच्या कपाळावर माझी थाप. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी भिवापूर गाठलं. मनात वेडी आशा, न जाणो एखादी बाई तेच म्हणेल. गावाबाहेर सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर, मिरच्यांची देठं तोडायला बसलेल्या बायकांच्या मधोमध, मी शिंकत उभा राहिलो. तोंडाला पदर बांधलेल्या एकीला विचारलं, "बाई, फूल गळलं नाही, त्याची मिरची व्हायला लागली, तर तुम्ही काय म्हणता?"

"काय म्हणन भाऊ? लागली म्हणतो. मिरची लागली."

"फूलठेव असं काही म्हणत नाही?"

तिनं शेजारणीकडे पाहिलं. "काय वं, तू आइकलं का?"

"बँकेतलं असन ते," शेजारीण म्हणाली. "हे भाऊ फुलं बँकेत टाकून राहिले वाटते."

सगळ्या हसल्या. मीही हसलो, शिंकलो आणि डोळे पुसले. मिरचीच्या ढिगाशेजारी डोळे पुसणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही.

तिथून थेट महालात गेलो. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. उंबऱ्यातच उभं राहून मी सगळं सांगितलं. आलूबोंड्यापासून. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "सोनाबाई नव्हतीच?"

"नव्हती."

"यांनी त्या दिवशी गोड खाल्लं नव्हतं. बासुंदी केली होती मी."

मला जमिनीत जावंसं वाटलं. वहिनींनी हात पुसले, पुढच्या खोलीतून ते कार्ड आणि पेन आणलं. 'कै. सोनाबाई' वर एक रेघ मारली आणि माझं नाव लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "बनवला तेव्हा तुमच्या हातात काय होतं म्हणाले?"

"आलूबोंडा."

तेही लिहिलं. "आता खरं झालं हे. राहू द्या खोक्यात. पण पुस्तकाले हे नाव नको." कार्ड बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "मग बाया काय म्हणतात?"

"लागली. मिरची लागली."

"मंग, दुसरं काय म्हणतीन? दह्यालेही तेच म्हणतो. दही लागलं."

मी खोक्यातलं दह्याचं कार्ड शोधलं. भास्करनं ते इतवारीतल्या डेअरीवाल्याकडून भर उन्हात जाऊन आणलं होतं. शब्द, 'जमलं'. हातात, मोठा चमचा. वहिनींनी ते वाचलं, पालथं करून पाहिलं, कुणाची लग्नपत्रिका होती तेही पाहिलं.

"मले कधी विचारलंच नाही यांनी," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती आवाजात. "रोज संध्याकाळी यांच्या डोळ्यासमोर विरजण लावत होती मी. काम करणाऱ्याच्या तोंडचा शब्द पाहिजे म्हणे. मी काय करून राहिली होती मंग?"

त्यांच्या हातचा चहा पीत मी त्याच शब्दांवर वर्षानुवर्षं वाद घातले होते, आणि चहा ठेवून त्या आत गेल्या की आम्ही दोघं कामाची माणसं शोधायला बाहेर पडत होतो. भास्कर असता तर आधी कपाळावर हात मारला असता आणि मग आनंदानं वेडा झाला असता. त्याचा तो आनंद मी एका बोंड्यात खाऊन टाकला होता.

मी कोरं कार्ड घेतलं. "म्हणणारीचं नाव काय लिहू? कुसुम घाटोळे?"

"नुसतं कुसुम लिहा. जागा कमी आहे त्याच्यावर." त्या पाटावर बसल्या. "दिवा लावण्याचं आहे का यांच्या खोक्यात? आणि केस बांधण्याचं? खाट टाकण्याचं?"

दिवा नव्हता. केस नव्हते. खाट नव्हती. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. दुपार झाली. मध्येच मला आठवलं आणि मी म्हटलं, "वहिनी, प्रेसवाला संध्याकाळी कार्डं न्यायला येणार आहे."

"थांबू द्या त्याले," वहिनी म्हणाल्या. "यांचं अजून झालं नाही."