मूळ ड्रॉइंग

थायरॉइडमुळे बायकोचे डोळे पुढे यायला लागले, तेव्हा मला वाटायचं ती रागावलीय. "सारखी डोळे काय वटारतेस?" म्हणून मी खेकसायचोसुद्धा. तिला पापण्या नीट मिटताच येत नव्हत्या, हे मला फार उशिरा कळलं.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर तिची कवटी फिरवून दाखवली. खोबणीतलं कुठलं हाड किती मिलिमीटर काढलं की डोळा किती आत जाईल, सगळं आखलेलं होतं. मी चाकणला टूलरूममध्ये, धातू कापून साचे बनवायच्या कामाला. मूळ ड्रॉइंग बघितल्याशिवाय आमच्याकडे कुणी मटेरियल काढत नाही. तसं मी बोलून गेलो. डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. म्हणूनच आजाराआधीचा, समोरून काढलेला एखादा फोटो आणा."

काळेवाडीला घरी येऊन अख्खा मोबाईल पालथा घातला. लग्नातल्या फोटोत तिची नजर खाली. नंतरचे सगळे फोटो तिनेच काढलेले, त्यात एकटा मीच. चिडून मोबाईल आपटणार होतो, तेवढ्यात एक लक्षात आलं. प्रत्येक फोटोत माझी नजर कॅमेऱ्याच्या जराशी वर आहे.

"अहो, मोबाईलकडे बघा ना," असं ती दरवेळी ओरडायची. मी मात्र तिच्या डोळ्यांकडेच बघत राहायचो.