निळी गाडी घाटाकडे गेली

कारंजा घाडगेच्या बाजारात योगेंद्रचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. भिंतीला कोणता प्रायमर लावावा, घासलेल्या गेटावर गंज परत का चढतो, हे विचारायला लोक त्याच्याकडे येतात. पण त्याचा जीव दुकानात पूर्ण कधीच नव्हता. शाळेत असताना त्याने सायकलला स्कूटरचा आरसा बसवला. पुढे वडिलांच्या स्कूटरचा रंग त्यांना न विचारता बदलला आणि मार खाल्ला. पस्तिशी ओलांडल्यावर त्याने नागपूरच्या एका डॉक्टरांची जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा घरात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. वडील, प्रभाकरराव, एवढंच म्हणाले, "चार माणसं बी धड बसत नाईत हिच्यात. काऊन आणली?"

गाडी पांढरी होती. घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये योगेंद्रने तिच्यावर निळी, चिकटणारी प्लास्टिकची फिल्म चढवली. मोबाइलवर व्हिडिओ लावायचा, बायकोचा, मयुरीचा, हेअर ड्रायर घ्यायचा आणि फिल्म तापवत, ताणत, बुडबुडे काढत पुढे सरकायचं. बॉनेटवर सुरकुत्या पडल्या, तेव्हा सगळी फिल्म सोलून त्याने पुन्हा सुरुवात केली. मग डिकीवर पंखासारखा स्पॉयलर आला. इंजिनाला जास्त हवा मिळावी म्हणून नवा एअर फिल्टर आला. आखूड स्प्रिंगा आल्या आणि गाडी इतकी बसकी झाली की प्रभाकररावांना तिच्यातून हात धरून ओढून काढावं लागे.

"एखाद्या मेकॅनिकले तरी दाखवा ना," मयुरी म्हणायची.

"मेकॅनिक काय पोटातून शिकून येते का?" तो हसायचा.

त्या हिवाळ्यात ब्रेकची पाळी आली. नव्या जाळीदार चाकांमधून आतले कॅलिपर दिसत. चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला ब्रेक मारताच चिमट्यासारखे दोन्हीकडून धरणारे ते लोखंडी भाग गंजून तपकिरी झाले होते आणि योगेंद्रला ते लाल हवे होते. त्याने चाकं काढली, कॅलिपर सोडवून तारेने टांगले, घासले, उष्णता सोसणारा रंग दिला. सकाळी ते परत बसवत असतानाच दुकानासमोर मालाचा ट्रक आला आणि हमाल फोनवर फोन करू लागले. त्याने घाईघाईने काम उरकलं, चाकं चढवली आणि तसाच पळाला.

दुपारी तो जेवायला आला, तर शेड रिकामं.

"मयुरी बाबाले घेऊन अमरावतीले गेली," आई, सुमित्राबाई, म्हणाली. "डोळ्याच्या डॉक्टरचा फोन आलता, आजच या म्हणे. घरची गाडी सुरूच होईना, मंग तुही निळी नेली."

त्याला आधी बरंच वाटलं. अमरावतीत चार लोक लाल ब्रेक बघतील. आई ताट वाढेपर्यंत पाने-हत्यारं आवरावीत म्हणून तो शेडमध्ये गेला. रंगाच्या डब्याच्या झाकणात एक बोल्ट पडला होता.

त्याने तो उचलून उजेडात धरला. तो कॅलिपरचा होता.

एका कॅलिपरला दोन बोल्ट असतात. शेवटी बसवलेल्या, पुढच्या डाव्या चाकाचा एक हा इथे होता. मग दुसरा? तो पान्याने आवळला होता की नुसता हाताने फिरवून ठेवला होता? त्याने डोळे मिटून सकाळ आठवून पाहिली. ट्रकचा हॉर्न आठवला, हमालाचा आवाज आठवला, हातातला पाना काही आठवेना.

मयुरीचा फोन वाजत राहिला. तिने उचलला नाही. गाडी चालवताना ती कधीच उचलत नसे. वडिलांना लावला, तर तो आतल्या खोलीत त्यांच्या उशीखाली वाजू लागला. अमरावतीचा रस्ता म्हणजे तळेगावकडचा घाट. उतारावर मयुरी ब्रेक दाबणार, सुटा कॅलिपर फिरून चाकावर आदळणार, ब्रेकची नळी तुटणार, आणि मग पाय कितीही दाबला तरी काही नाही. पुढे एखादा भरलेला ट्रक असेल.

घाटाच्या अलीकडे त्याच्या शाळेतल्या मित्राचा, ओमप्रकाशचा ढाबा होता. योगेंद्रने त्याला फोन लावला.

"ओम्या, माही निळी गाडी दिसली तर थांबव. आडवा हो, काईही कर. तिच्या ब्रेकचं काई खरं नाई!"

"अबे, ते तं आत्ताच गेली! वहिनीनं हात बी केला मले."

"काऊन रे, जेवत नाई का?" आईने विचारलं. "आलोच," म्हणून त्याने मोटरसायकल काढली.

महामार्गावर ट्रकच्या रांगा, संत्र्यांचे ढीग, उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर. त्याला काहीच नीट दिसत नव्हतं. दूरवर निळं काही चमकलं की तो वेग वाढवी. प्रत्येक वेळी ती ताडपत्री निघे. मध्येच खिशातला फोन थरथरला. त्याने मोटरसायकल कडेला घेतली. अनोळखी नंबर होता. बोट पडद्यापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. मयुरी असती तर तिचं नाव आलं असतं. अनोळखी माणूस आपल्याला आत्ता कशासाठी फोन करेल? फोन वाजून बंद झाला. त्याने उलट फोन केला नाही. न कळण्यातच तेवढी आशा शिल्लक होती.

घाटाच्या तोंडाशी ट्रक थांबलेले होते. क्लीनर खाली उतरून पुढे चालले होते.

"क्या हुआ?" त्याने एका ड्रायव्हरला विचारलं.

"आगे गाडी पडी है."

"कौनसी? निळी है क्या?"

"पता नहीं, भाई."

त्याने मोटरसायकल रस्त्याखालच्या मुरमातून घातली. रांगेच्या टोकाला एक्सल तुटलेला सरकीचा ट्रक आडवा उभा होता. नुसता ट्रक. कुणाला खरचटलंही नव्हतं. आणि त्याच्या अलीकडे, उतार सुरू होण्याआधी, चाकांखाली दगड लावलेली निळी गाडी. प्रभाकरराव मैलाच्या दगडावर बसले होते.

मयुरी धावत आली. "माह्या फोनले रेंज नाई इथं. ट्रकवाल्या भाऊच्या फोनवरून लावला, तं तुम्ही उचलला नाई!"

योगेंद्र थेट पुढच्या डाव्या चाकाकडे गेला.

"ढाब्याच्या पुढं ब्रेक मारला, तं खट्टकन आवाज आला," ती सांगू लागली. "पुन्हा मारला, तं स्टेअरिंगच डावीकडं ओढलं. मी गिअर खाली खाली आणत हँडब्रेकवर थांबवली. काय झालं हो?"

त्याने वाकून पाहिलं. कॅलिपर एकाच बोल्टवर लोंबत बाहेर वळला होता. चाकाने त्याचा लाल रंग खरवडला होता. रबरी नळी ताणून कडक झाली होती. जुना भाग होता, तुटला, असं सांगता आलं असतं. गाडीतलं या दोघांना काय कळणार होतं?

"बोल्ट मीच लावला नाई," तो म्हणाला. "घरी राह्यला. चूक माही आहे."

मयुरी मुरमात मटकन खाली बसली. "बाबा थांब म्हणे," ती हळूच म्हणाली. "मी म्हटलं, यांनी सोता केलंय, चांगलंच केलं असंन. म्हणून पह्यल्या आवाजाले थांबले नाई मी."

हे ऐकण्यापेक्षा तिने चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

वडील ओरडतील म्हणून तो वाट पाहत होता. प्रभाकरराव ओरडले नाहीत. "मी लय भेलो रे," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने त्यांच्या तोंडून हे ऐकलं. "ते पोरगी हँडब्रेक ओढून राह्यली होती आन् मी नुसता समोरचं धरून बसलो होतो."

डोळे दाखवायला ते दुसऱ्या दिवशी एसटीने गेले. निळी गाडी टोचन करून वर्ध्याला नेली. तिथल्या मेकॅनिकने चारही ब्रेक उघडून तपासले. योगेंद्र पूर्ण वेळ शेजारी उभा राहिला, पण त्याने पान्याला हात लावला नाही.

फिल्म तो अजून चढवतो. आता आर्वीहूनही लोक त्यासाठी गाड्या घेऊन येतात. कुणी ब्रेकचं किंवा स्टेअरिंगचं काम काढलं, तर तो हात जोडतो. मयुरी कित्येक महिने त्या गाडीत बसली नाही. मग एका रविवारी तिने आपणहून चावी मागितली.

"आर्वीले जाऊन येऊ," ती म्हणाली.

तो तिच्या शेजारी बसला. रस्ता सरळ, मोकळा होता आणि ती सावकाश चालवत होती. तरी समोर बैलगाडी दिसली की योगेंद्रचा पाय आपोआप पुढे जाई आणि जिथे ब्रेक नव्हता तिथल्या चटईवर तो जिवाच्या आकांताने दाबून धरी.