दहा म्हणेपर्यंत

नोकरी सांभाळून आयुष्यभर नाटकं बसवली, डोंबिवलीतल्या हौशी मंडळींची. तालमीत कुणी फिदीफिदी हसलं की माझं डोकं फिरायचं. "हा काय पोरखेळ चाललाय?" असा ओरडायचो. सगळे मला टरकून असायचे, आणि खरं सांगू का, मला ते आवडायचं.

गेल्या वर्षी बायकोला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा गेली. समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. चहा हवा असला तर कपाकडे बोट दाखवते. जिला जन्मभर "जरा गप्प बस गं" म्हणत आलो, तिच्या एका शब्दासाठी मी दिवसभर कान लावून बसायला लागलो.

बोलायला शिकवणारी एक मुलगी ठाण्याहून येते. ती म्हणाली, "काका, बोलणं अडलं तरी काहींना गाता येतं, आकडे ओळीने म्हणता येतात. संध्याकाळी काकूंशी गाण्याच्या भेंड्या खेळा. पण खेळा हं, परीक्षा घेऊ नका."

बसलो खेळायला. माझं गाणं संपलं, तिच्यावर 'म' आला. ती बराच वेळ नुसते ओठ हलवत राहिली आणि एकदम गायलाच लागली! लग्नानंतर आम्ही दिवा गावात राहायचो. नळाला पाणी आलं की बादल्या भरता भरता ती स्वतःच जुळवलेलं एक गाणं म्हणायची, 'पाणी आलं, उठा उठा'. तेच! शब्द अगदी स्वच्छ. दुसऱ्या दिवशी 'र' आला, तर पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी 'ल', तरी तेच. आणि मी दीडशहाणा काय म्हणालो? "अगं, 'ल' आलाय, 'ल'! हे झालंय आधी. आणि हे काय खरं गाणं आहे का?"

तिने तोंड मिटलं ते मिटलंच. तीन आठवडे गाणं नाही की हुंकार नाही. मी माफी मागितली, तर खिडकीबाहेर बघत बसली. आलेला आवाज मीच घालवला होता. त्या मुलीला सांगायचीही लाज वाटली.

काल चहा झाल्यावर मी एकटाच सुरू झालो. नको त्या अक्षराची गाणी, बेसूर, हातवारे करत. ती ढिम्म. शेवटी माझ्यावर 'ठ' आला. 'ठ'ची दोन गाणी मला पाठ आहेत. तरी अडलो, डोकं खाजवलं, पंख्याकडे बघत बसलो. भेंड्यांमध्ये समोरचा अडला की दहापर्यंत मोजायचं. तोवर गाणं सुचलं नाही तर त्याच्यावर भेंडी.

तिने मान वळवली. "एक," ती म्हणाली.

मी पंख्याकडेच बघत राहिलो. दोन, तीन करत ती सहापर्यंत आली आणि अडली. 'सात' माझ्या अगदी ओठावर आला होता. विंगेतून वाक्यं सांगायची जुनी खोड. जीभ चावली.

"सात." तिचं तिनेच काढलं. मग आठ. नऊ. पुढे काही येईना. ओठ थरथरायला लागले, कपाळावर घाम आला. मला बघवेना. "हरलो बाई, चढली भेंडी!" म्हणत मी हात जोडले.

तिने माझे हात धरून खाली दाबले आणि मानेनेच 'नाही' म्हटलं. अजून दहा झाले नव्हते.

मग आम्ही दोघं दहाची वाट बघत बसलो.