न दिसलेला इसार

पाहुणे आले की आमच्या घरात अजूनही कुणीतरी हसत हसत विषय काढतं, "आमची ही इंटरनेटवर व्हॅन इकायला गेलती." मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळतात. मी मान खाली घालावी अशी त्यांची अपेक्षा असते. मी घालत नाही. चहा ठेवते आणि सगळी हकीकत स्वतःच पहिल्यापासून सांगते.

अठ्ठ्याण्णव साली मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत शाळेच्या मुलांची ने-आण सुरू केली, तेव्हा बाई व्हॅन चालवते म्हणून चौकात माणसं वाकून वाकून बघायची. बघेनात का! दहा-बारा वर्षं ती व्हॅन मी पळवली. दुसरा गिअर कुठं अडतो, थंडीत चोक किती ओढायचा, सगळं हाताला पाठ. पण गाडी म्हातारी झाली आणि शाळेनं सांगितलं, येत्या जूनपासून मोठी, नवी गाडी आणा, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ. नव्या गाडीला कर्ज मिळत होतं. सुरुवातीचे पैसे मात्र जुनी विकूनच उभे राहणार होते.

इथं थोरले दीर मध्ये पडले. "गाडी इकनं बाईमाणसाचं काम न्हवं," ते म्हणाले. "मला दे. साठ हजार देतो. नवी गाडी माझ्या नावावर घिऊया, चालीव तू." व्हॅनला नव्वद-पंच्याण्णव सहज येणार होते. माझा नवरा फौंड्रीत कामाला, मोठ्या भावापुढं तोंड न उघडणारा. मीच बोलले, "मे संपंस्तवर थांबा, भावजी. न्हाय इकली तर तुमच्या मनासारखं." म्हणजे एक तर नवी गाडी माझी होणार होती, नाहीतर मी दिरांच्या गाडीवरची ड्रायव्हर. आयुष्यभर.

सायबर कॅफेत जाऊन मी व्हॅनचे फोटो आणि जाहिरात टाकली. दुसऱ्याच दिवशी फोन आला, हिंदीत. सीमेवर असलेला फौजी आहे म्हणाला. कुटुंब कोल्हापूरला येणार, व्हॅन हवीच. आमच्या जिल्ह्यात फौजी म्हटलं की लोक उठून बसायला जागा देतात, आणि माझे तर वडीलच फौजेत होते. मी किंमत सांगितली. त्यानं एका रुपयाची घासाघीस केली नाही. खरं तर तिथंच मला कळायला हवं होतं. कोल्हापुरात जुनी सायकल घेणारासुद्धा अर्धा तास डोकं खातो.

"दीदी, टोकन ऑनलाइन भेज दिया," तो म्हणाला. कॅफेत जाऊन मेल उघडली, तर बँकेच्या नावानं पत्र होतं, खात्यात वीस हजार जमा. झालं. माझ्या लेखी इसार आला होता. सौदा ठरताना घेणारा जी आगाऊ रक्कम हातावर ठेवतो तो इसार. तो घेतला की गाडी त्याची. मग दुसरा कुणी जास्त पैसे घेऊन आला तरी त्याला चहा पाजायचा आणि परत पाठवायचं.

आणि आलाच की. त्याच संध्याकाळी मुरगूडचे एक दूधव्यापारी आले, घरात कानडी बोलणारे. व्हॅनखाली वाकले, बोनेट उघडलं, चक्कर मारून आणली. "अक्का, गाडी पसंत हाय. पंच्याण्णव रोख हाईत पिशवीत. चावी द्या." मी म्हटलं, "पावणं, दुसऱ्याचा इसार घेतलाय." त्यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. "मग इषयच संपला," म्हणाले आणि चहा घेऊन गेले. त्या रात्री मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता!

सकाळी पुन्हा फोन. आता त्यानं म्हणे सगळी रक्कम पाठवली होती, वर घरचं सामान आणणाऱ्या ट्रकवाल्याचे पंचवीस हजारही चुकून माझ्याच खात्यात आले होते. ते आजच्या आज ट्रकवाल्याच्या खात्यात भरा, बँक माझे पैसे उद्या मोकळे करेल, तोवर तुमच्याजवळचे घाला, असं त्याचं म्हणणं. तशी मेलही आली, वर बँकेचं चिन्ह. दुसऱ्याचा पैसा आपल्याकडं राहिला याचीच मला लाज वाटली. नव्या गाडीसाठी डब्यात साठवलेले पंचवीस हजार पर्समध्ये घातले आणि निघाले.

एक गोष्ट मात्र मनाला टोचत होती. आमच्या घरात इसाराचे पैसे हळदकुंकू लावून एक रात्र देवापुढं ठेवतात. हा इसार घेऊन एक रात्र उलटली आणि देवापुढं काहीच नव्हतं. ठेवणार तरी काय? मेल? मग वाटलं, पासबुकात नोंद छापून घेऊ आणि पासबुकच देवापुढं ठेवू. म्हणून ते बरोबर घेतलं.

बँकेत भरणा स्लिप लिहून झाली. रांगेत पुढं गेल्यावर मी आधी पासबुक सरकवलं. "एवढं छापून द्या. देवापुढं ठेवायचं हाय." क्लार्कनं ते मशीनमध्ये घातलं आणि परत दिलं. "नवीन काही नाही, बाई." मी म्हटलं, नीट बघा, ऑनलाइन आलेत. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं, मी दिलेला मेलचा कागद वाचला, आणि चष्मा काढून म्हणाले, "हे आमच्या बँकेचं पत्रच नाही. पैसे भरू नका." स्लिप माझ्या हातात होती. तिथंच बाकावर बसले. रडू आलं, पण ते रागाचं होतं. खोट्या माणसाच्या इसारापायी मी खऱ्या माणसाला दारातून परत पाठवलं होतं.

बाहेर आले तर फोन वाजला. "दीदी, पैसा डाला?"

"तुझा पैसा पासबुकात दिसंना की रं."

त्यानं आवाज चढवला. फौजी का पैसा खाओगी, पुलिस भेजूँगा.

"पाठीव की! माझ्या बानं फौजेत हयात घालीवली. तेच नाव सांगून लुटतोस व्हय? गाडी दारात हाय, रोख घिऊन ये. आन् येताना तोंड घिऊन ये, नुसता आवाज नको." स्टँडवरचे रिक्षावाले बघायला लागले. त्याला यातलं किती समजलं कोण जाणे, पण फोन त्यानंच ठेवला. मी तशीच पोलीस ठाण्यात गेले, अर्ज दिला, पोच घेतली.

मग मुरगूडला फोन लावला. लपवलं काहीच नाही. पलीकडून मोठा सुस्कारा आला. "अक्का, आज सकाळीच राधानगरीच्या माणसाला मी इसार दिला. आता मोडता येत न्हाय." त्यांचं बरोबर होतं. मी तरी दुसरं काय केलं असतं?

संध्याकाळी भावजी आले. "झालं न्हवं हसं? आता कुणाला सांगू नको. आन् साठ न्हाय, पन्नास दीन." त्या पन्नासानं माझं डोकं फिरलं. रंगाचा डबा घेतला आणि व्हॅनच्या मागच्या काचेवर लिहिलं: विकणे आहे. समोर येऊन बघा. पैसे माझ्या पासबुकात दिसले की चावी.

लोक विचारायचे, असं का लिहिलंय? मी सांगायचे. किराणा दुकानात, शाळेच्या फाटकात, सगळीकडं. एका मुलाच्या आईनं मला बाजूला घेतलं. तिचे आठ हजार असेच खरोखर गेले होते आणि तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. तेव्हा मला कळलं, या लोकांचा धंदा आपल्या गप्प बसण्यावर चालतो.

मे संपायला चार दिवस असताना मुरगूडवाल्यांचे साडू आले, बायकोला घेऊन. ब्याण्णव ठरले. मी म्हटलं, चला बँकेत. "एवढा इश्वास न्हाय व्हय?" ते हसले. "न्हाय," मी म्हटलं. त्यांची बायको म्हणाली, "बराबर हाय की त्यांचं." त्यांनी माझ्यासमोर पैसे भरले, नोंद छापून आली, रात्रभर पासबुक देवापुढं राहिलं, आणि सकाळी मी चावी दिली. व्हॅन वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी दारातच उभी होते, खोटं कशाला बोलू.

नव्या गाडीचं आरसी बुक आलं त्या दिवशी पेढे घेऊन मी भावजींकडं गेले. आधी बुक हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून नावाची ओळ वाचली, मग पुन्हा एकदा वाचली.

"माझंच नाव हाय, भावजी," मी म्हटलं. "पेढा घ्या."