हजार वॉटचा शेवटचा दिवा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. हे सांगायला मी लाजत नाही. आईनं लोकांच्या वावरात कापूस वेचून मला शिकवलं, मग लपवायचं कशाला?

एप्रिलातली जयंती होती. केळापूरकडच्या आमच्या गावात, विहारासमोर, बायकांनी नाटक बसवलं होतं. शेवटचा प्रवेश आईचा. स्टेजवर अंधार, तिच्या तोंडावर एकच स्पॉट आणि तिची पाच वाक्यं. साठीला टेकलेली बाई जन्मात पहिल्यांदा स्टेजवर उभी राहणार होती.

लाईटवाले मामा पांढरकवड्याचे. तीस वर्षं गावोगावचे मंडप उजळलेला माणूस. यंदा त्यांनी कुठूनसा जुना हॅलोजन स्पॉट आणला होता, हजार वॉटचा, आणि सोबत तीन नवे दिवे. दुपारी तालमीत पहिला लावला, दहा मिनिटांत उडाला. दुसराही तसाच गेला. सुटीमुळे यवतमाळची दुकानं बंद. उरला एक.

बायका म्हणाल्या, ट्यूबलाईट लावा, नाहीतर तो प्रवेशच काढून टाका. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "अंधारात तं मी जलमभर बोलली. एक डाव उजेडात बोलू दे मले."

मी घरून मीटर आणलं. मामा वायरच्या गुंडाळीवर बसून बिडी ओढत होते. म्हणाले, "घ्या, आता पुस्तक वाचून दिवा लागते." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. व्होल्टेज पाहिलं, ठीक होतं. प्लग उघडला, वायर तपासली. होल्डरची एक पिन काळवंडली होती, ती पॉलिश पेपरनं घासली. पण पिनेमुळे काच फुगत नाही. आणि मेलेल्या दोन्ही दिव्यांची काच फुगली होती, भाजल्यावर फोड यावा तशी. दोन्हींवर एकाच जागी. फोडाभोवती काच दुधासारखी पांढरी.

मी मान वर केली. मामांनी तिसरा दिवा खोक्यातून काढला होता आणि दोन्ही हातांनी तो कपाळाकडे नेत होते. एप्रिलची दुपार, कपाळ घामानं चमकत होतं. नवा दिवा आधी कपाळाला, मग होल्डरला, ही त्यांच्या उस्तादाची शिकवण. मघापासून दोनदा मी ते पाहिलं होतं आणि मला ते छानच वाटलं होतं.

"मामा, थांबा."

मग समजावलं. ही काच बोटाएवढी. तिच्यावर घामाचं, तेलाचं बोट जरी लागलं तरी तापल्यावर ते तिथंच जळतं आणि काच तेवढ्या जागी कमजोर होते. जुन्या बल्बची काच मोठी, तारेपासून लांब, म्हणून त्यांना कधी काही झालं नाही.

मामांची बिडी विझली. "तीस वर्षं उजेडाच्या पाया पडून राह्यलो मी," ते म्हणाले. "मंग हे दोन मीच मारले का?"

मी म्हटलं, "पाया पडा, मामा. फक्त काचेले शिवू नका."

आशाताईच्या औषधपेटीतून स्पिरिट आणलं, घरचा कापूस होताच. दिवा मामांनीच पुसला, बाळाचं अंग पुसावं तसा. वाळू दिला, कागदात धरून बसवला.

संध्याकाळी तो लागला. तापलेल्या तारेतून धातू उडतो आणि आतला वायू तो परत तारेवर आणून बसवतो, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. पण विश्वास त्या दिवशी बसला. केसाएवढी तार, तिच्यातून निघालेला तो पांढरा झोत, झोतात तरंगणारी आमच्याच गावची धूळ, आणि झोताच्या टोकाला आईचं तोंड. त्यावरच्या इतक्या रेषा मी घरात कधी पाहिल्या नव्हत्या. सारं गाव मान वर करून तिच्याकडे बघत होतं.

पाच वाक्यं झाली. आता उजेड जायचा होता. आई मात्र हलली नाही, डोळे न मिटता उजेडाकडे बघत उभी राहिली. मामांचा हात स्विचवर होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनं नाही म्हटलं, आणि मामांनी हात काढून घेतला.